गहुलीच्या वसंतरावांची जिल्हा परिषद अन् आपल्या हक्काची ७३ वी घटनादुरुस्ती

बोरी अरब (ता. दारव्हा) : आपल्या बोरीहून दारव्हा, दिग्रस करत पुसदच्या रस्त्याला लागलं की गहुली फार लांब नाही. लहानसं गाव, बंजारा समाजाची वस्ती. १ जुलै १९१३ रोजी या गावात फुलसिंग नाईक अन् होनूबाई यांच्या घरी एक मुलगा जन्मला. तोच मुलगा पुढं अकरा वर्षांहून जास्त काळ महाराष्ट्राचा मुख्यमंत्री राहिला. सलग इतकी वर्षं त्या खुर्चीवर आजवर दुसरं कोणी बसलेलं नाही.

दरवर्षी १ जुलैला कृषी दिन होतो. शाळेत, पंचायत समितीत वसंतराव नाईकांच्या फोटोला हार घातला जातो. भाषणांत हायब्रीड ज्वारी येते, बहात्तरचा दुष्काळ येतो, कृषी विद्यापीठं येतात. ते सगळं खरंच आहे. पण त्यांचं आणखी एक काम आहे, अन् ते आपल्या गावात रोज दिसतं. जिल्हा परिषदेची शाळा, अंगणवाडी, गुरांचा दवाखाना, गावाला जोडणारा रस्ता, पंचायत समितीचं ऑफिस ही सगळी यंत्रणा ज्या कायद्यानं उभी राहिली, त्याचा पाया नाईकांच्या समितीनं घातला होता.

त्या कायद्यात एक कच्चा दुवा राहिला होता. तो पक्का झाला नाईक गेल्यानंतर जवळपास चौदा वर्षांनी, अन् त्यासाठी देशाची राज्यघटना बदलावी लागली. आजचा लेख त्याच गोष्टीचा आहे.

तांड्यातून वकिलीपर्यंत

गहुली हे गाव वसवण्यात वसंतरावांचे आजोबा चतुरसिंग नाईक यांचा पुढाकार होता. नाईक म्हणजे तांड्याचा प्रमुख. भांडण झालं, लग्न ठरलं, देणं-घेणं अडलं की नाईक अन् कारभाऱ्यासमोर बसून सोडवायचं, ही तांड्याची जुनी रीत. वसंतराव या वातावरणात वाढले.

गहुलीत तेव्हा शाळेची सोय नव्हती. त्यामुळं प्राथमिक शिक्षण आजूबाजूच्या गावांत तुकड्या-तुकड्यानं झालं. पुढं अमरावती, मग नागपूर. नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून ते पदवीधर झाले अन् १९४० मध्ये वकिलीची परीक्षा पास झाले. सुरुवातीला अमरावतीत डॉ. पंजाबराव देशमुखांच्या हाताखाली काम शिकले. हेच पंजाबराव पुढं घटना समितीत बसले, देशाचे कृषिमंत्री झाले. त्यानंतर वसंतरावांनी पुसदला स्वतःची वकिली सुरू केली. कोर्टात येणारा पक्षकार म्हणजे बहुतेक कास्तकार, नाहीतर सावकाराच्या कागदात अडकलेला गरीब माणूस.

१९४१ मध्ये त्यांनी नागपूरच्या वत्सलाबाई घाटे यांच्याशी लग्न केलं. मुलगा बंजारा, मुलगी ब्राह्मण. त्या काळात दोन्हीकडून विरोध झाला, पण दोघं मागं हटले नाहीत. वत्सलाबाईंनी गहुलीचा संसार आपला मानला अन् समाजकामात नवऱ्याच्या बरोबरीनं उभ्या राहिल्या.

१९४६ मध्ये वसंतराव पुसद नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. नळ, नाल्या, दिवे, रस्ते यासाठी पैसा कुठून आणायचा अन् वरच्या ऑफिसात कागद कसा अडकतो, हे त्यांनी तिथं जवळून पाहिलं.

जिल्हा तोच, राज्य दुसरं

आजच्या पोरांना नवल वाटेल, पण तेव्हा यवतमाळ जिल्हा महाराष्ट्रात नव्हता. महाराष्ट्र नावाचं राज्यच नव्हतं. आपण मध्य प्रदेशात होतो अन् राजधानी होती नागपूर. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत वसंतराव पुसदमधून आमदार झाले ते मध्य प्रदेशच्या विधानसभेत. तिथं ते महसूल खात्याचे उपमंत्री झाले.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली. संसदेनं त्यासाठी कायदा केला अन् सोबत सातवी घटनादुरुस्ती केली. आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला. याच दुरुस्तीनं विदर्भ अन् मराठवाड्यासाठी स्वतंत्र विकास मंडळं नेमण्याची तरतूद घटनेच्या ३७१ व्या कलमात आली. म्हणजे घटनादुरुस्ती ही दिल्लीतल्या वकिलांचीच गोष्ट असते असं नाही. आपला जिल्हा कोणत्या राज्यात असावा अन् मागास भागाला निधीचा वाटा कसा मिळावा, हेसुद्धा तिच्यातून ठरलं आहे.

नव्या राज्यात वसंतरावांनी सहकार खातं सांभाळलं, नंतर शेती खातं. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला तेव्हा यशवंतराव चव्हाणांच्या मंत्रिमंडळात ते महसूलमंत्री होते.

नाईक समितीनं काय ठरवलं?

त्या वेळी देशभर एक चर्चा चालू होती. विकासाच्या योजना वरून येतात, पण गावच्या माणसाला त्यात विचारत कोणी नाही. १९५७ मध्ये बलवंतराय मेहता समितीनं सांगितलं की गाव, तालुका अन् जिल्हा अशा तीन पायऱ्यांवर लोकांनी निवडलेल्या संस्था असाव्यात. २ ऑक्टोबर १९५९ ला राजस्थानातल्या नागौरला याची सुरुवात झाली.

महाराष्ट्रानं हे आपल्याकडं कसं आणायचं हे ठरवायला जून १९६० मध्ये वसंतराव नाईकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मार्च १९६१ मध्ये अहवाल आला. त्यातले काही निर्णय आजही आपल्या रोजच्या व्यवहारात आहेत.

पहिला निर्णय असा की जास्त ताकद तालुक्याला न देता जिल्ह्याला द्यायची. मेहता समितीचा भर तालुका पातळीवर होता. नाईक समितीनं हिशेब वेगळा मांडला. इंजिनीअर, डॉक्टर, शेतीचे अधिकारी हे जिल्ह्याला असतात. पैशाचं नियोजनही जिल्ह्याचं होतं. त्यामुळं जिल्हा परिषद मजबूत हवी.

दुसरा निर्णय, सदस्य थेट लोकांनी निवडायचे अन् आमदार-खासदार जिल्हा परिषदेत बसवायचे नाहीत. ते बसले तर गावाकडून आलेला नवा माणूस तोंड उघडणार नाही, हे उघड होतं. पुढं या राज्यातले कितीतरी आमदार अन् मंत्री जिल्हा परिषदेतूनच तयार झाले.

तिसरा निर्णय, कलेक्टरला बाहेर ठेवायचं. जिल्हा परिषदेला स्वतःचा मुख्य कार्यकारी अधिकारी, म्हणजे आपण ज्यांना सीईओ साहेब म्हणतो, तो द्यायचा अन् त्यानं निवडून आलेल्या सभागृहाचे ठराव अमलात आणायचे.

यावरून १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती कायदा झाला अन् १ मे १९६२ पासून लागू झाला. प्राथमिक शाळा, आरोग्य केंद्रं, गावरस्ते, लहान तलाव, पशुवैद्यकीय दवाखाने ही कामं जिल्हा परिषदेकडं आली. ज्या माणसाच्या गावात शाळा नव्हती, त्याच्याच अहवालातून गावोगावच्या शाळा चालवणारी संस्था उभी राहिली.

मुख्यमंत्री नाईक

नोव्हेंबर १९६३ मध्ये मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार यांचं निधन झालं. ५ डिसेंबर १९६३ ला वसंतराव मुख्यमंत्री झाले अन् फेब्रुवारी १९७५ पर्यंत राहिले. राज्यात धान्याची टंचाई होती. त्यांनी संकरित बियाणं, विहिरी, खत यावर जोर दिला. राहुरी, अकोला, परभणी, दापोली ही चारही कृषी विद्यापीठं त्यांच्या काळातली. आपल्या कापूसवाल्यांसाठी १९७२ ची एकाधिकार खरेदी योजनाही त्यांच्याच काळात सुरू झाली. जुनी माणसं तिच्याबद्दल चांगलंही सांगतात अन् वाईटही.

त्याच वर्षी मोठा दुष्काळ पडला. लाखो माणसं खडी फोडायच्या कामावर गेली. काम मागेल त्याला काम द्यायचं, ही रोजगार हमीची कल्पना वि. स. पागे यांनी मांडली होती. नाईक सरकारनं ती योजना म्हणून राबवली. पण योजना म्हणजे सरकारचा आदेश. आज काढला, उद्या मागं घेतला तरी कोर्टात जाता येत नाही. म्हणून पुढं १९७७ मध्ये तिचा कायदा झाला अन् २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. कामाची मागणी आता हक्क झाली. २००५ च्या केंद्राच्या रोजगार हमी कायद्याला ही महाराष्ट्राची वाट आधीच तयार होती.

ही गोष्ट लक्षात ठेवा. आधी योजना, मग कायदा. जिल्हा परिषदेच्या बाबतीत याच्याही पुढची पायरी लागली.

कच्चा दुवा

जिल्हा परिषद हा राज्याचा कायदा होता. राज्याचा कायदा विधानसभेत साध्या बहुमतानं बदलता येतो. निवडणूक कधी घ्यायची, मुदत वाढवायची का, प्रशासक बसवायचा का, हे राज्य सरकारच्या हातात राहिलं. घटनेच्या ४० व्या कलमात ग्रामपंचायती उभारा असं लिहिलेलं होतं, पण ते मार्गदर्शक तत्त्व. सरकारनं ते पाळलं नाही तर नागरिकाला कोर्टातून ते मागून घेता येत नाही.

आता निवडणुकांची वर्षं पाहा. १९६२, १९६७, १९७२. नाईक आधी मंत्री अन् मग मुख्यमंत्री होते तोवर दर पाच वर्षांनी जिल्हा परिषदेची निवडणूक झाली. त्यानंतरची निवडणूक झाली १९७९ ला. अन् तिच्यानंतरची थेट १९९२ ला. तेरा वर्षं. १९७९ ला ज्या मुलीचा जन्म झाला, ती सातवी-आठवीत गेली तेव्हा तिच्या आईबापाला जिल्हा परिषदेसाठी पुन्हा मत देता आलं. मधल्या काळात वेगवेगळ्या पक्षांची सरकारं येऊन गेली, म्हणून एकावर बोट ठेवण्यात अर्थ नाही. दोष असा होता की निवडणूक लांबवायला कायद्यात वाट मोकळी होती.

नाईक हे पाहायला नव्हते. १९७७ मध्ये ते वाशिममधून खासदार झाले अन् १८ ऑगस्ट १९७९ ला सिंगापूरला त्यांचं निधन झालं.

घटनेत गाव आलं

दुसऱ्या राज्यांत तर याहून वाईट हाल होते. कुठं वीस-वीस वर्षं पंचायतीच्या निवडणुका नाहीत. मग मागणी वाढली की हे राज्यांच्या मर्जीवर सोडू नका, घटनेतच लिहा. १९८९ मध्ये तसं विधेयक आलं. लोकसभेत मंजूर झालं, पण राज्यसभेत पडलं. घटनादुरुस्ती साध्या बहुमतानं होत नाही. दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यांच्या निम्म्याहून जास्त अन् हजर राहून मत देणाऱ्यांच्या दोन तृतीयांश मतं लागतात. काही बाबतीत निम्म्या राज्यांच्या विधानसभांचीही मान्यता लागते.

डिसेंबर १९९२ मध्ये संसदेनं ७३ वी घटनादुरुस्ती मंजूर केली. तेव्हा महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते सुधाकरराव नाईक, वसंतरावांचे पुतणे, त्याच गहुलीचे. निम्म्याहून जास्त राज्यांनी मान्यता दिल्यावर २४ एप्रिल १९९३ पासून ती लागू झाली. म्हणून २४ एप्रिल हा पंचायत राज दिन.

या दुरुस्तीनं आपल्याला काय दिलं, ते सरळ भाषेत असं :

मुदत पाच वर्षं, त्याहून जास्त नाही. मुदत संपायच्या आत निवडणूक झाली पाहिजे. संस्था मधेच बरखास्त झाली तर सहा महिन्यांच्या आत.

निवडणूक घेणारा वेगळा. राज्य निवडणूक आयोग ही स्वतंत्र संस्था घटनेनं आणली. महाराष्ट्रात तो १९९४ मध्ये स्थापन झाला.

जागांचं आरक्षण. अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात अन् महिलांना किमान एक तृतीयांश जागा. सरपंच, सभापती, अध्यक्ष ही पदंसुद्धा त्यात आली. १९६१ च्या कायद्यात बायांसाठी एक-दोन जागा, त्याही नेमणुकीनं भरायच्या. घटनादुरुस्तीच्या थोडं आधी महाराष्ट्रानं ३० टक्के जागा राखल्या होत्या. २०११ पासून आपल्या राज्यात हा वाटा ५० टक्के आहे.

पैशाची सोय. दर पाच वर्षांनी राज्याचा वित्त आयोग नेमायचा. केंद्राच्या वित्त आयोगालाही पंचायतींचा विचार करणं भाग पडलं. ग्रामपंचायतीत आपण पंधराव्या वित्त आयोगाचे पैसे म्हणतो, त्याचं मूळ इथं आहे.

अन् ग्रामसभा. मतदार यादीत नाव असलेला गावातला प्रत्येक माणूस तिचा सदस्य. त्यासाठी निवडून यावं लागत नाही.

त्यानंतरच्या निवडणुका मोजा : १९९७, २००२, २००७, २०१२, २०१७. पुन्हा दर पाच वर्षांनी.

मग २०२२ ला काय झालं?

इथं कोणी विचारेल, का बाप्पा, घटनेत लिहिलं आहे तर मग आपल्या जिल्हा परिषदेवर प्रशासक कसा बसला? प्रश्न रास्त आहे. मार्च २०२२ मध्ये यवतमाळसह राज्यातल्या बहुतांश जिल्हा परिषदांची मुदत संपली अन् निवडणूक झाली नाही. ओबीसींसाठी किती जागा राखायच्या अन् गट-गण कसे पाडायचे, यावरून प्रकरणं सर्वोच्च न्यायालयात गेली होती.

नीट पाहिलं तर एकाच घटनादुरुस्तीतल्या दोन गोष्टी इथं समोरासमोर आल्या. मागासवर्गीयांसाठी जागा राखायची मुभा तिनंच राज्याला दिली अन् वेळेवर निवडणूक घ्यायचं बंधनही तिनंच घातलं. पहिल्या गोष्टीसाठी लागणारी आकडेवारी सरकारनं वेळेत तयार ठेवली नाही, म्हणून दुसरी गोष्ट अडली. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निवडणुका घेण्याचा आदेश दिला, तेव्हा मुदत संपून तीन वर्षं उलटली होती.

या तीन वर्षांत शाळेची खोली गळत असेल, रस्त्याची खडी उखडली असेल तर सांगायचं कोणाला? आपल्या गटाचा सदस्यच नव्हता. अधिकारी होते, पण अधिकाऱ्याला पुढच्या निवडणुकीत मतं मागायला आपल्या दारात यायचं नसतं.

तरी १९७९ नंतरच्या तेरा वर्षांत अन् या वेळेत एक फरक आहे. तेव्हा कोर्टात दाखवायला घटनेतलं कलम नव्हतं. या वेळी होतं, म्हणून न्यायालय आदेश देऊ शकलं. उशीर झाला, पण सरकारला कायमचं टाळता आलं नाही.

आपल्या हातात काय?

जिल्हा परिषद असो की प्रशासक, ग्रामसभा थांबत नाही. वर्षाला किमान चार ग्रामसभा झाल्याच पाहिजेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट अन् २ ऑक्टोबर या दिवशी त्या घ्यायची आपल्याकडं पद्धत आहे. त्याआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. कोरमला मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० माणसं, यात जो आकडा कमी असेल तो लागतो. बोरी अरबसारख्या मोठ्या गावात शंभर माणसं जमणं अवघड आहे का? पारावर तेवढी माणसं संध्याकाळी असतातच.

तिथं घरकुलाची यादी वाचून घेता येते. वित्त आयोगाचा पैसा कुठं खर्च झाला ते विचारता येतं. गावाच्या विकास आराखड्यात आपलं काम घालता येतं. ठराव झाला की तो प्रोसिडिंगमध्ये लिहिला गेला का, हे तिथंच पाहायचं. बरेचदा सह्या आधी अन् ठराव नंतर असा प्रकार चालतो. तो बंद करायला कोर्टाची गरज नाही, शेवटपर्यंत बसून राहणारी वीस-पंचवीस माणसं पुरतात.

वसंतराव नाईकांनी आपल्या काळात कायद्यानं जेवढं करता येत होतं तेवढं केलं. पुढच्या पिढीनं ते घटनेत नेऊन बसवलं. आता ते वापरायचं काम आपलं. या १ जुलैला त्यांच्या फोटोला हार घालाल, तेव्हा १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला दीड महिना उरलेला असेल. नोटीस फलकावर लागली का ते बघा, विषयांची यादी मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा अन् घरातल्या बायांनाही सभेची तारीख सांगा.